पोटभाडेकरू ओहम

२०१९ साली ओहमच्या, म्हणजे विद्युतरोधाच्या एककाच्या, बाबतीत दोन गोष्टी घडल्या. २० मे रोजी जगभर एककांच्या नव्या व्याख्या लागू झाल्या. इलेक्ट्रॉनचा भार आणि प्लांकचा स्थिरांक यांच्या किमती कायमच्या ठरवून टाकल्या, आणि ओहम कुठल्याही नळीवर, तारेवर किंवा धातूच्या तुकड्यावर विसंबून राहिला नाही. पुढे चार महिन्यांनी, १८ सप्टेंबरला, भारत सरकारने वटहुकूम काढून ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात बंद केली. डिसेंबरात त्याचा कायदा झाला. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. थोडक्यात, ओहम अगदी बिनचूक झाला त्याच वर्षी या देशात एक वस्तू बेकायदा ठरली, आणि सामान्य गिऱ्हाइकाने दुकानात जाऊन दशांश चिन्हासकट ओहम मागावेत अशी ती एकमेव वस्तू होती. बल्ब वॅटवर विकतात, वायर चौरस मिलिमीटरवर, इन्व्हर्टर कर्ज काढून. स्पीकरवाले चार ओहम, आठ ओहम असं म्हणतात खरे, पण त्यांना पूर्णांकाच्या पुढे जायची गरज पडत नाही. 'शून्य पूर्णांक पंधरा द्या, शून्य पूर्णांक वीस नको, चव लागत नाही' हे वाक्य वेपवाल्याच्याच, म्हणजे ई-सिगारेट ओढणाऱ्याच्याच, तोंडी शोभतं. कायदा आला, पण हे वाक्य गेलं नाही. दिल्लीत ई-सिगारेटचे साठे पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, आणि पकडायला आधी साठा असावा लागतो.

मुद्दा मात्र वेपपुरता नाही. माझं म्हणणं असं की फार लहान गोष्ट मोजायला गेलं की मोजणारा स्वतःच त्या मापात शिरतो, आणि मग महागडं यंत्र आणूनही उपयोग होत नाही. यंत्राला बाहेर कसं उभं करायचं हे कळावं लागतं. हे पटवायला मुनिरका फार सोयीचं आहे. आउटर रिंग रोडला लागून असलेलं टोकस जाटांचं हे जुनं गाव दिल्लीने चहूबाजूंनी गिळलं, पण तिला ते पचलं नाही. गल्ल्या अशा की समोरून मोटारसायकल आली तर एकाने जिन्यात शिरावं. डोक्यावर तारांचे झुबके, आणि खोल्याखोल्यांतून जेएनयूचे विद्यार्थी, ईशान्येकडून आलेली मुलं, स्पर्धा परीक्षावाले, आणि आपल्याकडचा एखादा, ज्याला गावात अजून 'दिल्लीला मोठ्ठं शिक्षण चालू आहे' एवढ्यावर ओळखतात. या वस्तीजवळच अरुणा असफ अली मार्गावर आंतरविद्यापीठ त्वरक केंद्र आहे. तिथे नायोबियमच्या पोकळ्या द्रव हेलियममध्ये उणे २६९ अंशांपर्यंत थंड करतात, आणि त्यांतला रोध जवळपास नाहीसा होतो. उत्तरेकडे पुसाला राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा आहे, जिचं उद्घाटन १९५० साली सरदार पटेलांनी केलं. देशाचा अधिकृत ओहम तिच्या ताब्यात असतो. तिथे क्वांटम हॉल परिणामाने रोधाची जी पायरी मिळते ती २५,८१२.८०७ ओहमची, आणि ती जर्मनीत तेवढीच असते, जपानात तेवढीच. म्हणजे एका बाजूला शून्य, दुसऱ्या बाजूला प्रमाण, आणि मधे मुनिरकात पिवळ्या डीटी-८३० मल्टीमीटरच्या दोन काड्या वेपमधल्या द्रवाची वाफ करणाऱ्या एका एवढ्याशा तारेच्या वेटोळ्याला, म्हणजे कॉईलला, टेकवून बसलेला कुणीतरी. पडद्यावर ०.७. खोक्यावर छापलंय ०.४. त्याला वाटतं, चिन्यांनी फसवलं.

चिन्यांनी फसवलेलं नाही, निदान या बाबतीत तरी. आधी याच खोलीतली दुसरी कॉईल पाहू. दिल्लीच्या जानेवारीत मुनिरकात जो आंघोळ करतो तो रॉडच्या भरवशावर, आणि मालकाची नजर चुकवून जो चहा करतो तो शेगडीच्या स्प्रिंगवर. २३० व्होल्टला १००० वॅटची स्प्रिंग म्हणजे हिशेबाने ५२.९ ओहम, १५०० वॅटचा रॉड म्हणजे सुमारे ३५.३. पिवळ्या मल्टीमीटरच्या काड्या, त्यांच्या तारा, खाली जिथे त्या खुपसतात ती भोकं आणि आतली फिरती चकती, हे सगळं मिळून ०.३ ओहम सहज होतं. स्प्रिंग मोजली तर पडद्यावर ५२.९ च्या जागी ५३.२ येईल. शंभरात जेमतेम अर्ध्याचा फरक. गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनला तो सांगितला तर तो आधी तुमच्याकडे आणि मग तुमच्या शिक्षणाकडे पाहील. त्याचं बरोबरच आहे. रॉड जळलाय की चालू आहे, आणि आतली तार बाहेरच्या नळीला टेकून तो शॉक देतोय की नाही, एवढंच त्याला हवं असतं. आता तेच ०.३, तोच मल्टीमीटर, तोच माणूस, आणि कॉईल ०.४ ची. पडद्यावर ०.७. चूक अर्ध्या टक्क्यावरून पंचाहत्तर टक्क्यांवर गेली, आणि यंत्रात काडीचाही बदल झालेला नाही.

हा ०.३ म्हणजे पोटभाडेकरू आहे. मुनिरकात त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. खोली एकाच्या नावावर असते, राहतात तिघे. मालकाला दिसतो एक. आणि बिलाच्या बाजूने पाहिलं तर चित्र उलटंही असतं: खोलीला वेगळा सब-मीटर असतो, त्याच्या युनिटचा दर मालकाने ठरवलेला असतो, आणि त्या मीटरमागून जिन्यातला दिवा किंवा गच्चीतली पाण्याची मोटर गुपचूप जोडलेली असली तर ती तुमच्या नावावर पाणी चढवत राहते. मीटर खोटं बोलत नाही. त्याच्यातून जेवढं गेलं तेवढं तो इमानाने सांगतो. प्रश्न असा की त्याच्यातून जे गेलं ते सगळं तुमचं होतं का. मल्टीमीटरही इमानी आहे. दोन काड्यांच्या टोकांमध्ये जे काही सापडलं त्या सगळ्याची तो बेरीज सांगतो, आणि कॉईल त्या बेरजेत एक भाडेकरू असते.

इथे पहिला आक्षेप हटकून येतो, आणि तो घेणारे स्वतःला जाणकार समजतात. 'अहो, आधी दोन्ही काड्या एकमेकींना टेकवा, जो आकडा येईल तो वजा करा, झालं.' सल्ला वाईट नाही. १.२ ओहमची कॉईल असेल तर मी तो बिनतक्रार मानतो. पण ०.१५ च्या कॉईलला तो चालत नाही, आणि त्याचं कारण गणिताचं आहे. काड्या एकमेकींना टेकवल्या तेव्हा ०.३ आले, हे खरं. पण कॉईलच्या पायांना टेकवल्यावर तेवढेच येतील याची हमी कोण देणार? हात जरा सैल झाला, टोकाला ई-लिक्विडचं ग्लिसरीन लागलं, की ०.३ चे ०.५ होतात. वर हा मल्टीमीटर दशांशाच्या एकाच घरापर्यंत बोलतो, आणि त्याच्या पत्रकातच शेवटच्या अंकात दोन-तीनची सूट मागून ठेवलेली असते. म्हणजे ज्या संख्येतून वजा करायचं ती डळमळीत, जी वजा करायची ती डळमळीत, आणि उरणारं उत्तर या डळमळीपेक्षा लहान. याला वजाबाकी म्हणण्यापेक्षा नवस म्हणावं.

यात गंमत करण्यासारखं असलं तरी भोगायला लागतं ते गंमतीचं नसतं. भरलेल्या लिथियम सेलला ४.२ व्होल्ट असतात. काही उपकरणांत मधे कुठलंच इलेक्ट्रॉनिक्स नसतं. सेल, बटण आणि कॉईल, संपलं. अशा नळकांड्यात ०.१५ ची कॉईल बसवली आणि मल्टीमीटरने ती ०.४५ दाखवली, तर हिशेब सांगतो नऊ अँपिअर. प्रत्यक्षात जातात अठ्ठावीस. चांगल्या कंपन्यांचे पुष्कळसे १८६५० सेल वीस अँपिअरपर्यंत सोसतात. लक्षात घेण्यासारखं हे की पोटभाडेकरू नेहमी रोध वाढवूनच दाखवतो, म्हणजे करंट कमी आहे असं भासवतो. चूक दोन्ही बाजूंनी झाली असती तर माणूस निदान अर्धा वेळ वाचला असता.

आणि याचा उपाय इतका जुना आहे की त्यासाठी कुणाला नवं काही शोधायची गरज नाही. विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, अटलांटिक समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलीत गुंतलेले होते, आणि तांब्याची तार किती शुद्ध हे ठरवायला त्यांना फार लहान रोध मोजावे लागत. १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी त्यासाठी 'दुहेरी पूल' (डबल ब्रिज) नावाची जोडणी काढली. त्यामागची युक्ती इतकी साधी की ऐकल्यावर राग येतो: करंट आणणाऱ्या तारा वेगळ्या ठेवा आणि विचारणाऱ्या तारा वेगळ्या. दोन तारांनी कॉईलमधून करंट पाठवायचा. आणि दुसऱ्या दोन, थेट कॉईलच्या पायांना टेकवून, तिथे व्होल्टेज किती पडलं एवढंच विचारायचं. विचारणाऱ्या तारांतून करंट जवळजवळ जातच नाही, म्हणून त्यांचा स्वतःचा रोध असला काय नि नसला काय. पोटभाडेकरू तिथेच राहतो, पण बिलात येत नाही.

मुनिरकाच्या खोलीत हे करायला पुसाची प्रयोगशाळा लागत नाही. लाजपतराय मार्केटात काही रुपयांत मिळणारा दहा ओहमचा, एक टक्का अचूकतेचा रेझिस्टर घ्यायचा, तो कॉईलशी एकामागे एक जोडायचा, आणि दीड व्होल्टचा साधा सेल लावायचा. मग तोच पिवळा मल्टीमीटर, पण चकती ओहमवरून उचलून व्होल्टवर न्यायची. रेझिस्टरच्या दोन टोकांवर समजा १.४४ व्होल्ट मिळाले; कॉईलच्या दोन पायांवर, २०० मिलिव्होल्टच्या पट्टीवर, ५७.६ मिलिव्होल्ट. भागाकार केला, दहाने गुणलं: ०.४ ओहम. करंट किती होता हे कळायचीसुद्धा गरज पडली नाही, कारण दोघांतून एकच गेला. चूक फार तर शंभरात दोन-तीन. मघाशी जो मल्टीमीटर पंचाहत्तर टक्के चुकत होता तोच हा. त्याचं काहीच बिघडलेलं नव्हतं. त्याला ओहम विचारला की तो स्वतःला धरून सांगतो, आणि व्होल्ट विचारला की स्वतःला वगळून. काही माणसांनाही प्रश्न बदलून विचारावा लागतो, पण तो वेगळा लेख आहे.

दुसरा आक्षेप अधिक तगडा. आजची उपकरणं स्वतःच ओहम मोजून पडद्यावर दाखवतात, तेही दशांशाच्या दोन-दोन घरांपर्यंत, मग हा दीड व्होल्टचा खटाटोप कशाला? तर, उपकरणाच्या आतली चिप बसलेली असते पाटीवर, कॉईल असते टाकीत, आणि मधे ५१० नावाची आट्यांची जोडणी, तिची मधली पितळी पिन, आणि त्यावर साचलेला गोड चिकटा. चिप जोडणीच्या अलीकडून विचारते. निर्मात्याने कारखान्यात आपल्या पाटीपुरता पोटभाडेकरू वजा केलेला असेलही, पण तुमच्या टाकीच्या आट्यांत काय साचलंय हे त्याला शेनझेनमध्ये बसून कळणार कसं? टाकी काढून परत बसवली की आकडा ०.४१ चा ०.४५ होतो, तो कॉईल बदलली म्हणून होत नाही. पडद्यावरचं दुसरं दशांशस्थळ हे माहितीपेक्षा सजावटीच्या जवळचं असतं. शिवाय कायद्याची एक खोच आहे. भाजीवाल्याचा काटा खोटा निघाला तर वैध मापनशास्त्र खात्याकडे जाता येतं; रॉडवर आयएसआयची खूण नसेल तर भारतीय मानक ब्युरोला कळवता येतं. बंदी घातलेल्या वस्तूचं माप चुकलं तर तक्रार कुठे करायची? तक्रारीच्या पहिल्याच रकान्यात 'वस्तू कुठून खरेदी केली' असं विचारतील. बंदीमुळे वेप नाहीसा झाला नाही, पण त्याला मानक, शिक्का, हमी आणि सर्व्हिस सेंटर यांतलं काही असण्याची शक्यता मात्र पुरती नाहीशी झाली. यावरून बंदी उठवावी असं मी म्हणत नाही. बंदीचीही एक किंमत असते आणि ती मोजणाऱ्या तारा कुणी जोडलेल्या नाहीत, एवढंच म्हणतो.

खरं तर महाराष्ट्रात बारावी शास्त्र केलेल्या कुणालाही हे सगळं नवीन असू नये. मीटर ब्रिजचा प्रयोग प्रत्येकाने केलेला असतो. एक मीटर लांब तार, दोन फटी, जॉकी सरकवायची, गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर आला की लांबी लिहायची. त्यात डाव्या आणि उजव्या फटींतल्या रोधांची अदलाबदल करून पुन्हा मोजायला सांगतात, ते टोकांना लपलेल्या रोधाचा पक्षपात सरासरीत मारण्यासाठी. आणि जर्नलमध्ये शेवटी 'घ्यावयाची काळजी' असा मथळा असतो, त्याखाली सर्व जोडण्या घट्ट आणि स्वच्छ असाव्यात असं वाक्य असतं. ते वाक्य आपण पिढ्यान् पिढ्या मागच्या वर्षीच्या जर्नलातून उतरवत आलो. निरीक्षणांचा तक्ताही तिथूनच, त्यामुळे उत्तर दरवर्षी प्रमाण किमतीच्या जवळ आलं. परीक्षकही खूश. अचूक मोजमापाची शंभर वर्षांची शहाणीव आपल्याकडे पोचली होती; ती दोन गुणांसाठी होती, म्हणून वापरली नाही.

तिसरा आक्षेप नैतिक आहे आणि तो मला सर्वांत मान्य आहे. जो माणूस निकोटिनची वाफ छातीत भरतो त्याने दशांशाचं दुसरं स्थळ पाहावं, हे पायरीवरून पडताना बूट पुसण्यासारखं नाही का? आहे. ०.४० नीट मोजल्याने फुप्फुसात काय गेलं ते कळत नाही. पण ओहमचा आणि आत जाणाऱ्या रसायनांचा संबंध मात्र नाही असं नाही. २०१५ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक छोटं पत्र छापून आलं: ३.३ व्होल्टला चालवलेल्या उपकरणाच्या वाफेत फॉर्माल्डिहाइड बाळगणारी संयुगं आढळली नाहीत, ५ व्होल्टला आढळली, आणि भरपूर. त्यावर टीकाही झाली, आणि ती वाचनीय होती. टीकाकार म्हणाले, त्या उपकरणावर ५ व्होल्टला कापूस कोरडा पडून अशी जळकी चव येते की कुणीही माणूस दुसरा झुरका घेणार नाही; यंत्राला जीभ नसते म्हणून ते ओढत राहिलं. दोन्ही बाजूंचं गृहीत मात्र एकच: कॉईलमध्ये नेमकी किती वॅट उष्णता तयार होते, यावर सगळं अवलंबून आहे. आणि वॅट कळायला ओहम कळावा लागतो. तेव्हा नीतीच्या बाजूने वाद घालणाऱ्यालाही शेवटी केल्विनच्या चार तारा लागतातच.

तापमानाचं प्रकरण मी थोडक्यात उरकतो, कारण त्यात दिल्लीचीच फजिती आहे. निकेलच्या तारेचा रोध तापमानाच्या दर अंशाला साधारण ०.६ टक्का वाढतो, आणि काही उपकरणं त्यावरूनच कॉईल किती तापली हे ओळखतात. त्यासाठी गार कॉईलचा आकडा आधी पक्का करावा लागतो. तो पक्का करताना खोली कुठल्या महिन्यात आहे हे पाहावं लागतं, कारण दिल्लीत जानेवारीच्या पहाटेचे सात-आठ अंश आणि जूनच्या दुपारचे चव्वेचाळीस यांत निकेलचा रोध पाचव्या हिश्शाहून जास्त हलतो. आणि तापमान तरी आपल्याला ठाऊक असतं का? २९ मे २०२४ रोजी दिल्लीच्या मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने ५२.९ अंश दाखवले. देशभर मथळे झाले. मग हवामान खात्याने प्रमाण यंत्र नेऊन तपासलं, तर तिथला संवेदक तीन अंशांनी जास्त दाखवत होता. योगायोग असा की १००० वॅटच्या शेगडीच्या स्प्रिंगचे ओहमही ५२.९ च, तो आकडा निदान खरा होता.

आता समजा मुनिरकातल्या आपल्या माणसाने सगळं शास्त्रोक्त केलं. चार तारा, दहा ओहमचा रेझिस्टर, गार कॉईल, पुसलेल्या आट्या. ०.४१ आले. ४.२ भागिले ०.४१, सव्वादहा अँपिअर, सेलच्या मर्यादेत, निर्धास्त. पण ती मर्यादा त्याने वाचली कुठे? सेलच्या प्लॅस्टिकच्या वेष्टनावर. तिथे ९९०० एमएएच असंही ठळक छापलेलं आहे, आणि त्या आकाराच्या चांगल्या सेलमध्येही सहसा साडेतीन हजारांच्या आसपासच मावतात. भाजक दोन टक्क्यांपर्यंत बरोबर, आणि ज्याच्याशी ताडून पाहायचं तो आकडा त्याच वेष्टनावरचा, जिथे क्षमता जवळपास तिप्पट फुगवलेली आहे. हे पकडायला मात्र ना केल्विन लागतो ना मल्टीमीटर. अस्सल १८६५० सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या घरात भरतो, नकली बहुधा त्याहून बराच हलका. आणि ग्रॅमच्या अंशापर्यंत बोलणारा, सरकारी शिक्क्याचा काटा जवळच्या सोनाराकडे असतो. तो वजन फुकट करून देईल. एक नळकांडं घेऊन कशाला आलात एवढंच विचारेल.